अडीच मिलिमीटरची फट

मांजराच्या पाठीचा एक्स-रे कधी पाहिलाय? संधी मिळाली तर सोडू नका. काळ्या पडद्यावर मानेपासून शेपटीच्या टोकापर्यंत पांढऱ्या मणक्यांची लांबलचक ओळ उमटलेली असते. मानेत ७, छातीत १३, कमरेत ७, मग एकमेकांत घट्ट जुळून गेलेले ३ आणि शेपटीत वीसएक. सगळे मिळून पन्नासच्या आसपास. आपल्याकडे माकडहाडाचे बारीक तुकडे धरूनही साधारण ३३ भरतात. एवढ्याशा प्राण्याने आपल्या दीडपट मणके बाळगावेत! नजर साहजिकच त्या पांढऱ्या हाडांवर खिळते. पण आज हाडं राहू द्या. त्यांच्या अधल्यामधल्या काळ्या फटींकडे बघा.

काय आहे तिथे? एक्स-रेला विचाराल तर काहीच नाही. नुसती मोकळी जागा. आता जरा विचार करा. मणका म्हणजे हाड, आणि हाड काही वाकत नाही. तरी मांजर झोपेतून उठल्यावर पाठीची कमान करतं, अंगाचं वेटोळं करून नाक शेपटीत खुपसतं, मान मागे वळवून स्वतःची पाठ चाटतं. हे सगळं वाकणं होतं कुठे? त्या ‘काहीच नाही’मध्ये!

मानेच्या पहिल्या दोन मणक्यांमध्ये अशी फट नसते. तिथली रचना डोकं फिरवण्यासाठी वेगळी केलेली आहे. दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधल्या फटीपासून खाली कमरेच्या शेवटापर्यंत मोजत गेलं की २६ फटी भरतात. शेपटीतल्या वेगळ्या. फटीची रुंदी जागेनुसार आणि मांजरानुसार बदलते, पण गोष्ट दोन-तीन मिलिमीटरची आहे. आपण हिशेबासाठी अडीच धरू. पट्टीवरच्या अडीच बारीक रेघा. जगभरचे पशुवैद्यक संशोधक ही एवढीशी फट मोजण्यासाठी कोट्यवधी रुपयांची यंत्रं वापरतात, आणि तीन यंत्रांनी मोजली तर तीन वेगळे आकडे येऊ शकतात. गंमत म्हणजे तिन्ही यंत्रं आपापल्या परीने खरं बोलत असतात.

मोजायची कशाला, हा प्रश्न रास्त आहे. त्यासाठी आधी फटीच्या आत शिरावं लागेल.

आत एक चकती बसलेली असते. आपल्याकडे तिला गादी म्हणतात. ‘गादी सरकली’ हे वाक्य ऐकलं नाही असं मराठी घर विरळा. चकतीची बाहेरची कड चिवट तंतूंची. हे तंतू एकावर एक थरांनी गुंडाळलेले असतात, आणि प्रत्येक थराचा तिरपेपणा आधीच्या थराच्या उलट दिशेला. त्यामुळे पाठ कुठल्याही बाजूला पिळली तरी काही थर ताणून धरायला तयारच असतात. मधोमध एक मऊ, लिबलिबीत गाभा. निरोगी, तरुण चकतीच्या गाभ्यात जवळजवळ ८० टक्के पाणी! गाभ्यातले काही मोठाले रेणू पाणी ओढून घेतात आणि सहजासहजी सोडत नाहीत. कण्यावर भार पडला की गाभा दबतो, तो दाब चहूबाजूंच्या तंतूंवर सारखा वाटला जातो. भार हटला की गाभा पुन्हा पाणी शोषून फुगतो.

हे आपल्याही पाठीत रोज चालतं. सकाळी उठल्यावर आपली उंची रात्रीपेक्षा सेंटिमीटरभर जास्त असते, कारण रात्रभर आडवं पडल्यावर चकत्या पाणी पिऊन टरारलेल्या असतात. अंतराळवीरांची उंची तर गुरुत्वाकर्षणाचा भार हटल्यामुळे पाच सेंटिमीटरपर्यंत वाढू शकते. पृथ्वीवर परतले की पुन्हा होते तेवढे! मांजर दिवसातले बारा ते सोळा तास लोळून काढतं. त्याच्या चकत्यांची हौस किती भागत असेल, बघा.

आणखी एक नवल. प्रौढ चकतीच्या गाभ्यात रक्तवाहिनी नाही. एकही नाही. मग आतल्या पेशी जगतात कशावर? वरच्या आणि खालच्या मणक्याच्या तोंडाशी कूर्चेचा पातळ थर असतो. हाडातल्या रक्तातलं पोषण त्या थरातून झिरपत झिरपत गाभ्यापर्यंत पोहोचतं. दोन-तीन मिलिमीटर जाड चकतीला हे परवडतं. फट फार मोठी असती तर मधल्या पेशी उपाशी मेल्या असत्या.

आता गाभ्याचं कुळ पाहा. शाळेत शिकलेला पृष्ठरज्जू आठवतो? गर्भावस्थेत, मणक्यांचा पत्ताही नसताना, पाठीच्या बाजूने जाणारी ती लवचीक दोरी. तिच्याच भोवती पुढे मणके घडतात. ते घडताना दोरी जागोजागी दबून नाहीशी होते, फक्त दोन मणक्यांमध्ये उरते. तोच हा गाभा! पन्नास कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रात, हाडं असलेला एकही प्राणी नव्हता तेव्हा आपल्या पूर्वजांच्या पाठीत जी दोरी होती, तिचे तुकडे तुमच्या पलंगावर झोपलेल्या बोक्याच्या पाठीत शाबूत आहेत. माणसात गाभ्यातल्या त्या मूळ पेशी बालपणीच बहुतांशी संपून जातात. मांजरात त्या मोठेपणीही टिकतात. मांजराची पाठ आपल्यापेक्षा का टिकाऊ, याचं निदान अर्धं उत्तर इथे असावं, असा अभ्यासकांचा कयास आहे.

या पाठीची करामत सगळ्या जगाने पहिल्यांदा स्पष्ट पाहिली ती १८९४ साली. एत्येन-ज्यूल मारे या फ्रेंच शास्त्रज्ञाने उलटं सोडलेलं मांजर हवेत वळून पायांवर कसं उतरतं, याची एकापाठोपाठ छायाचित्रं काढली. तेव्हाचे विद्वान चक्रावले. हवेत टेकू नाही, ढकलायला काही नाही, मग फिरतं कसं? सोडणाऱ्याच्या हाताला रेटून वळत असेल, ही शंकाही छायाचित्रांनी खोडून काढली. पक्कं गणिती उत्तर यायला १९६९ साल उजाडलं. केन आणि शेर या दोघांनी दाखवलं, की मांजर कमरेत वाकतं आणि पुढचा व मागचा अर्धा भाग आपापल्या अक्षाभोवती फिरवतं. मधल्या त्या वाकण्यामुळे हिशेब जुळतो आणि सगळं अंग वळतं. वाकणं कुणाचं? पुन्हा त्या फटींचंच.

कुणी म्हणेल, मांजर चार पायांवर चालतं, त्याचा कणा आडवा. त्याच्या चकत्यांवर भार तो कितीसा पडणार? हा गैरसमज मलाही फार दिवस खरा वाटत आला होता, कारण तो पटण्यासारखा आहे. पण आडवा कणा सरळ धरून ठेवायचा तर पाठीचे आणि पोटाचे स्नायू त्याला दोन्ही टोकांकडून सतत आवळत राहतात. पुरावा खुद्द हाडांत आहे. चतुष्पाद प्राण्यांच्या मणक्याच्या आत हाडाच्या ज्या बारीक काड्या असतात, त्या मुख्यतः कण्याच्या लांबीच्या दिशेने उभारलेल्या असतात. हाड ज्या दिशेने भार येतो त्या दिशेने स्वतःला मजबूत करतं. म्हणजे उभ्याने चालणाऱ्या आपल्यासारखीच आडव्या मांजराची चकतीही दाबली जातेच.

दाबली जाणारी वस्तू कधीतरी खचते. स्वीडनचे पशुवैद्यक हान्स-यॉर्गन हान्सेन यांनी १९५०च्या सुमारास कुत्र्यांच्या शेकडो चकत्या तपासल्या आणि खचण्याच्या दोन तऱ्हा वेगळ्या केल्या. एका तऱ्हेत गाभा सुकून चुनखडीसारखा होतो आणि एके दिवशी कड फोडून कण्यातून जाणाऱ्या मज्जारज्जूवर आदळतो. दुसऱ्या तऱ्हेत कड हळूहळू फुगत जाऊन मज्जारज्जूला रेटते. आजही जगभरचे पशुवैद्य ‘हान्सेन एक’ आणि ‘हान्सेन दोन’ असंच म्हणतात. पहिल्या तऱ्हेचा हुकमी बळी म्हणजे डॅशहुंड. त्याचे आखूड पाय आणि त्याची दुबळी पाठ यांमागे एकाच जनुकाची चुकीच्या जागी चिकटलेली जादा प्रत आहे.

मांजरात मात्र हा आजार दवाखान्यापर्यंत क्वचित येतो. हजार मांजरांत जेमतेम एखादं. पण १९५० आणि ६०च्या दशकांत ब्रिटनमध्ये किंग आणि स्मिथ यांनी मेलेल्या मांजरांचे कणे उघडून पाहिले, तेव्हा वयस्क मांजरांत सरकलेल्या, फुगलेल्या चकत्या बऱ्याच सापडल्या. म्हणजे आत बिघाड आहे, बाहेर तक्रार नाही! मांजर दुखणं लपवण्यात इतकं पटाईत आहे, की त्याच्या बोलण्यावर, म्हणजे न बोलण्यावर, विश्वास ठेवून चालत नाही. मग फट बोलती करावी लागते. फट अरुंद झाली तर आतली चकती खचली असण्याची शक्यता. पण अरुंद म्हणजे कशापेक्षा अरुंद? निरोगी मांजराची फट किती, हे माहीत नसेल तर आजारी मांजराची फट ओळखणार कशी? म्हणून आधी निरोगी फटी मोजायच्या. एवढं साधं काम.

साधं? चला, एक्स-रेने मोजून पाहू.

विल्हेल्म राँटजेन यांनी १८९५च्या नोव्हेंबरमध्ये हे किरण शोधले आणि डिसेंबरात पत्नीच्या हाताचं चित्र घेतलं. तेव्हापासून एक्स-रेची मूळ रीत बदललेली नाही: एका बिंदूतून किरण निघतात, शरीरातून आरपार जातात, मागे सावली पडते. सगळा घोळ ‘एका बिंदूतून’ या दोन शब्दांत आहे. बिंदूतून निघालेले किरण पसरत जातात. म्हणून सावली वस्तूपेक्षा मोठी पडते. किरण सोडणाऱ्या नळीपासून सावली झेलणारी पाटी एक मीटरवर असेल आणि कुशीवर झोपवलेल्या मांजराचा कणा पाटीच्या पाच सेंटिमीटर वर असेल, तर सावली सुमारे पाच टक्के मोठी. लठ्ठ बोका असेल तर कणा आणखी उंचावर, सावली आणखी मोठी. हे एकवेळ हिशेबात धरता येतं.

खरी फसवणूक पुढे आहे. भांडी लावलेल्या ताटाळ्यासमोर उभे राहा. नाकासमोरच्या दोन ताटांमधली फट लख्ख दिसते, पलीकडची भिंतसुद्धा. पण टोकाच्या ताटांकडे पाहिलं तर फट दिसत नाही. ताटाची कडच मध्ये येते. जागेवरून न हलता पाहिलं तर ताटांमधलं अंतर टोकाकडे कमी कमी होत गेल्यासारखं वाटतं. एक्स-रेची नळी नेमकी अशीच एका जागी उभी राहून पाहत असते.

आकड्यांत मांडू. चित्राच्या मध्यापासून पंधरा सेंटिमीटर बाजूला असलेल्या फटीपाशी किरण तिरपा पोहोचतो. मीटरभर खाली येताना तो पंधरा सेंटिमीटर सरकतो. तर सेंटिमीटरभर रुंदीचा मणका पार करताना दीड मिलिमीटर सरकणार. फट आहे अडीच मिलिमीटरची. त्यातले दीड हाडाच्या सावलीने गिळले. उरला एक! मांजर ठणठणीत, चकती ठणठणीत, आणि चित्रात मात्र फट निम्म्याहून जास्त मिटलेली. केवळ ती मधोमध नव्हती म्हणून.

म्हणून जाणकार पशुवैद्य अख्ख्या पाठीचं एकच लांब चित्र घेऊन त्यावर मोजमाप करत नाहीत. मान, छाती, कमर अशी वेगवेगळी चित्रं घेतात आणि दर वेळी नळी हव्या त्या भागाच्या बरोबर वर आणतात. मांजराला आधी गुंगी द्यावी लागते. ‘हलू नकोस’ हे मांजराला सांगून पाहिलेल्यांना कारण विचारायची गरज नाही. कुशीवर झोपवल्यावर मान आणि कंबर खाली झुकतात, कारण खांदे आणि ढुंगण रुंद आणि कंबर बारीक. मग तिथे स्पंजच्या उशा सारून कणा टेबलाला समांतर करायचा. पाय जास्त ओढले गेले तर पाठ वाकते आणि फटीचा आकार पाचरीसारखा होतो, वर एक माप, खाली दुसरं. हे सगळं सांभाळून चित्र घ्यायचं, आणि मगच मोजपट्टी लावायची.

त्यातही छातीच्या फटी जात्याच अरुंद असतात. कमरेच्या सवयीने पाहणारा नवखा डोळा त्यांना आजारी ठरवून मोकळा होतो. छातीतल्या चकत्या खरं तर सगळ्यांत सुरक्षित. डाव्या आणि उजव्या बरगडीच्या टोकांना जोडणारा एक आडवा बंध चकतीच्या पाठीवरून, मज्जारज्जूच्या खालून जातो आणि बहुतेक छातीभर चकतीला मागे सरकू देत नाही. आपल्या छातीत हा बंध नाही. मांजराला कुणी, कशासाठी दिला असेल, कल्पना करत बसावं.

सीटी स्कॅन ही पसरत्या किरणांची कटकट मिटवतो. नळी एका जागी उभी राहण्याऐवजी मांजराभोवती गरागरा फिरते, शेकडो कोनांतून पाहते, आणि संगणक त्या सगळ्या पाहण्यांतून आतलं चित्र पुन्हा उभं करतो. गॉडफ्री हाउन्सफील्ड यांनी हे यंत्र घडवलं. १ ऑक्टोबर १९७१ला लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचा मेंदू त्यात पाहिला गेला. त्याआधी यंत्राची परीक्षा जनावरांच्या अवयवांवर झाली होती, त्यात बैलाचा मेंदूही होता. पहिलं चित्र अवघं ८० गुणिले ८० चौकटींचं. आज मांजराची अख्खी पाठ काही सेकंदांत, अर्ध्या-पाऊण मिलिमीटरच्या कापांत पाहता येते आणि संगणकावर हवी तशी, हव्या त्या दिशेने उभी चिरता येते.

पण इथेही चौकटीची मर्यादा आहेच. एखादी चौकट अर्धी हाडावर आणि अर्धी चकतीवर पडली तर यंत्र तिला दोन्हींच्या मधला करडा रंग देतं. मग हाडाची कड कुठे धरायची? चौकट अर्ध्या मिलिमीटरची आणि फट अडीचची. एक चौकट इकडेतिकडे झाली की उत्तर २० टक्क्यांनी बदललं. शिवाय पडद्यावरच्या काळ्या-पांढऱ्याची मांडणी बदलली की हाड फुगल्यासारखं किंवा आक्रसल्यासारखं दिसतं. मांजर तेच, स्कॅन तोच, बटण फिरवलं आणि फट बदलली!

आता तिसरं यंत्र. माझं सगळ्यांत लाडकं.

एमआरआयला हाडात रस नाही. त्याला पाणी दिसतं. पाण्याच्या रेणूत हायड्रोजनचे दोन अणू, प्रत्येकाच्या पोटात एक प्रोटॉन, आणि प्रत्येक प्रोटॉन एक इवलासा चुंबक. एरवी हे चुंबक वाटेल त्या दिशेला तोंड करून असतात. त्यांना १.५ टेस्लाच्या चुंबकात ठेवलं, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट जोराच्या क्षेत्रात, की त्यांच्यातले थोडे जास्त एका दिशेला कलतात आणि सगळे ठरावीक वेगाने डोलू लागतात. सेकंदाला सुमारे ६ कोटी ४० लाख वेळा. हा वेग एफएम रेडिओच्या पट्ट्याच्या अगदी शेजारचा आहे, एफएम ८.८ कोटींपासून सुरू होतं. म्हणून यंत्र मांजराला रेडिओलहरींचा एक ठोका देतं, प्रोटॉन एका तालात येतात, आणि ठोका थांबल्यावर स्वतःच रेडिओलहरी परत पाठवतात. मांजराच्या पाठीतलं पाणी, अक्षरशः, प्रक्षेपण करतं! पॉल लॉटरबर यांनी १९७३ साली या संदेशांतून चित्र कसं उभं करायचं ते दाखवलं. पीटर मॅन्सफील्ड यांच्यासह त्यांना २००३चं नोबेल मिळालं.

या चित्रात काय होतं पाहा. मोकळेपणाने हलणारं पाणी त्याचा सूर बराच वेळ टिकवतं, म्हणून पाण्याला उठाव देणाऱ्या चित्रात चकतीचा ओला गाभा शुभ्र चमकतो. कठीण हाडाच्या कवचात मोकळं पाणी जवळजवळ नाही, म्हणून ते काळंकुट्ट. एक्स-रेचं जग पूर्ण उलटं झालं! तिथे जी ‘काहीच नाही’ फट होती, तीच इथे सगळ्यांत तेजस्वी. गाभा सुकत चालला की त्याचं तेज मंद होत जातं, आणि फट अरुंद व्हायच्या कितीतरी आधी कळतं की या चकतीचे दिवस भरत आले. माणसांच्या चकत्यांच्या या उजेडाची प्रतवारी फिरमान आणि सहकाऱ्यांनी २००१ साली लावली. पुढे ती कुत्र्यांवरही तपासली गेली.

मग मोजमापासाठी एमआरआयच वापरावा की! थांबा. एमआरआय जागा ओळखतो ती प्रोटॉनच्या सुरावरून: हा सूर म्हणजे ही जागा, तो सूर म्हणजे ती. पण मणक्याच्या आत चरबीही असते, आणि चरबीतला हायड्रोजन पाण्यातल्या हायड्रोजनपेक्षा किंचित खालच्या सुरात गातो. फरक दहा लाखांत साडेतीन भागांचा, १.५ टेस्लाला सेकंदाला सव्वादोनशेच्या आसपास आंदोलनं. एवढ्यानेही यंत्र फसतं आणि चरबीला तिच्या खऱ्या जागेपासून जरा बाजूला रंगवतं. परिणाम? चकतीच्या एका बाजूची काळी रेघ जाड होते, दुसऱ्या बाजूची बारीक. फटीची एक कड खरी, दुसरी भासमान. त्यात मांजराच्या पाठीचे एमआरआय काप बहुधा दोन मिलिमीटरच्या आसपास जाड. अडीच मिलिमीटरची वस्तू पाहायला दोन मिलिमीटरची सुरी!

एक बारकावा मला या सगळ्यात फार मोलाचा वाटतो. एक्स-रे आणि सीटी मोजतात ते हाडापासून हाडापर्यंतचं अंतर. त्यात चकतीच्या दोन्ही तोंडांवरचे कूर्चेचे थर आले, कारण कूर्चा त्यांना दिसत नाही. एमआरआय चकतीलाच पाहतो. म्हणजे पहिल्या दोघांनी खोली मोजली, तिसऱ्याने आतल्या माणसाला मोजलं. आकडे जुळतील कसे? म्हणूनच एका यंत्रावर ठरवलेला ‘निरोगी’ आकडा दुसऱ्या यंत्रावरच्या मांजराला लावणं ही सरळ चूक आहे. शोधनिबंध कितीही जाडजूड असो, त्यात यंत्राचं नाव आणि मांडणी दिलेली नसेल तर त्यातले मिलिमीटर निरुपयोगी.

मग खरं माप कुठलं? त्यासाठी संशोधक शेवटी मेलेल्या मांजराकडेच जातात. दुसऱ्याच कारणाने मेलेल्या मांजराचं शरीर तिन्ही यंत्रांतून काढायचं, मग गोठवायचं, आणि कण्याच्या बरोबर मधोमध करवतीने उभं चिरायचं. समोर प्रत्यक्ष फट, हातात मोजपट्टी. आता तरी सुटलो? पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं, हे दहावीच्या मुलालाही ठाऊक आहे. आणि चकतीत तर बहुतांश पाणीच! करवतीच्या पात्याची स्वतःची जाडी वेगळीच.

शेवटी मोजणारा असतो माणूस. पडद्यावर दोन टिंबं ठेवायची, त्यांच्यातलं अंतर संगणक सांगतो. टिंब कुठे ठेवायचं हे मात्र डोळा ठरवतो. म्हणून एकाच फटीचं माप दोघांकडून घेतात. एकाच माणसाला काही आठवड्यांनी, मांजराचं नाव झाकून, तेच चित्र पुन्हा मोजायला देतात. स्वतःच्याच आधीच्या उत्तराशी तो किती जुळतो? ब्लँड आणि ऑल्टमन या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञांनी १९८६ साली अशा दोन मापांमधला मेळ तपासण्याची सोपी रीत दिली. दोन पद्धतींचे आकडे एकत्र वाढतात-घटतात म्हणून त्या सारख्याच, असं मानू नका; प्रत्येक जोडीतला फरक मांडून पाहा, असं त्यांचं म्हणणं. वैद्यकात आज ती रीत सर्रास वापरतात.

मिलिमीटरच्या भांडणातून सुटायची एक युक्ती आहे. फट मोजायची आणि तिला शेजारच्या मणक्याच्या लांबीने भागायचं. सावली पाच टक्के मोठी पडली असेल तर दोन्ही पाच टक्क्यांनी मोठे, गुणोत्तर तेच. अशीच युक्ती जेम्स ब्युकॅनन यांनी १९९५ साली कुत्र्याच्या हृदयासाठी लढवली: हृदय किती मोठं, तर अमुक इतक्या मणक्यांएवढं. बाहेरची पट्टी नको, प्राण्याच्या पोटातच पट्टी आहे! आणि इथे मांजर संशोधकाला एक मोठी सवलत देतं. कुत्र्यांत चिवावा कुठे आणि ग्रेट डेन कुठे; निरोगी फटीचा एक आकडा सांगणं अशक्य. मांजरं त्या मानाने बरीचशी एका मापाची. मेन कूनसारखी भली थोरली जात सोडली तर गल्लीतली मनी आणि लंडनमधलं मांजर यांचे कणे एका तक्त्यात बसू शकतात.

एवढा खटाटोप करूनही फटीचं माप हा पुराव्याचा एकच धागा आहे, हे कुठलाही चांगला पशुवैद्य सांगेल. तो आधी मांजर चालवून बघतो, पंजा उलटा ठेवला तर ते सरळ करतं का पाहतो, पाठीवरून बोटं फिरवतो. चित्र नंतर. मागचे पाय अचानक लुळे पडलेलं मांजर आलं तर तो पाठीच्या आधी पंजांना हात लावून पाहतो. पंजे गार लागले तर गडबड पाठीत नसण्याचीच शक्यता जास्त. हृदयातून सुटलेली रक्ताची गुठळी मागच्या पायांकडे जाणाऱ्या धमनीत अडकलेली असते, आणि तिथे एकेक मिनिट मोलाचं असतं.

तुमच्या घरी मांजर असेल तर यंत्राशिवाय करण्यासारखं एक निरीक्षण आहे. फ्रिजवर उडी मारणारं मांजर खुर्चीवरून, मग स्टुलावरून चढू लागलं, कमरेजवळचे केस चाटायचं सोडून दिल्याने तिथे गुंते झाले, पाठीला हात लावताच फिस्कारू लागलं, तर ‘म्हातारं झालं’ म्हणून सोडून देऊ नका. पशुवैद्याकडे न्या. आणि तोवर आपल्या औषधांच्या डब्यातली कुठलीही वेदनाशामक गोळी त्याला देऊ नका. पॅरासिटामॉल पचवायला लागणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात जवळजवळ नाहीच. आपली एक साधी गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरेशी असते.